कोणत्या पानावर सांगायचं

आई, तू गेलीस त्याला एकोणीस वर्षं झाली. असतीस तर हे तुलाच विचारलं असतं. माझी कादंबरी पुढच्या महिन्यात छापायला जाते आहे. तिच्यात मी एक गाव रचलंय, कुठल्याच नकाशात नसलेलं. डोंगरावरचं गाव, कुणी उपाशी नाही, संध्याकाळी सगळे चौकात जमून गातात. पण त्या गावाला पाणी वाहून देणारी माणसं खाली दरीत राहतात, आणि ती परत गेली की गावकरी त्यांच्या वाटेवरच्या पायऱ्या धुतात. हे वाचकाला कधी कळू द्यायचं, यावर मी दोन वर्षं अडले होते. पहिल्या खर्ड्यात पहिल्याच पानावर सगळं सांगून टाकलं. संपादक बाई म्हणाल्या, "गाव आवडायच्या आधीच नासवलंत तुम्ही. मग वाचकाला वाईट कशाचं वाटणार?" म्हणून मी ते शेवटच्या प्रकरणात नेलं. ते हस्तलिखित माझ्या भाचीनं वाचलं आणि माझ्यासमोर ठेवलं. "मावशी, तुला सगळं माहीत होतं आणि तू मला दोनशे पानं तिथे हसू दिलंस?"

असंच मी एकदा तुला बोलले होते. मी नऊ वर्षांची. कॉलनीपलीकडच्या बंगल्यात वर्गातली मैत्रीण राहते, तिच्याकडे गोष्टीच्या पुस्तकांचं कपाट आहे. ती आतून एकेक पुस्तक आणून देते, मी व्हरांड्यात बसून वाचते. मी उठले की तिची आई बादली घेऊन येते आणि फरशी धुते. एका संध्याकाळी तू दिंडोरीच्या शाळेतून एसटीनं नुकतीच आलेली, भाकरी थापत होतीस. मी म्हटलं, "आई, ते लोक किती स्वच्छ आहेत गं! मी निघाले की लगेच फरशी धुतात. आपण का नाही धूत?" तुझा हात परातीत थांबला. "धुऊ या की," म्हणालीस. आणि पुढे आठवडाभर, दिवसभर मुलांना शिकवून आल्यावर, तू आपली एवढीशी ओसरी रोज खरंच धुतलीस.

मी सातवीत गेले तेव्हा एका रविवारी जेवताना तू मला फरशी का धुतात ते सांगितलंस. आवाज न चढवता, वर्गात गणित समजावावं तसं. मी ताट सरकवलं.

"तुला माहीत होतं? तरी मला जाऊ दिलंस?"

"हो."

"का?"

"पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर तू परत गेली नसतीस. पुस्तकं तिथेच राहिली असती." मग म्हणालीस, "चुकलंही असेल माझं. रोज एसटीत ठरवायचे, आज सांगायचं. घरी यावं तर तू दारातच पुस्तकातलं काहीतरी सांगत सुटायचीस."

आता कादंबरीत पायऱ्या तिसऱ्याच प्रकरणात धुतल्या जातात, सगळ्यांच्या देखत, आणि कुणी काही बोलत नाही. का धुतात, ते मध्यावर एक बाई मुलीला सांगते. त्या बाईला तुझा आवाज द्यायला गेले, जमला नाही. संपादक बाईंना हे पटलं. भाचीनं अजून वाचलेलं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. त्या रविवारचा माझा राग अर्धा खोटा होता. मैत्रिणीनंच मला वर्षभर आधी सांगितलं होतं, हातात पुस्तक देता देता, हळूच, रडवेली होऊन. मला ते पुस्तक तिथेच ठेवून घरी येता आलं असतं. मी विचारलं, "याचा दुसरा भाग आहे का?"