जरा अ‍ॅडजस्ट करा

३ डिसेंबर, मंगळवार

नाही म्हणजे नाही! मी अ‍ॅडजस्ट करणार नाही.

आज तलासरीला मीटिंग. आम्ही अंगणवाडीच्या सेविका खाली सतरंजीवर, सुपरवायझर मॅडम खुर्चीवर. मॅडमनी मोबाइल वर धरून वाचून दाखवलं, कोणाच्या पाड्यात किती मुलं लाल, म्हणजे अ‍ॅपमध्ये फारच कमी वजनाची. माझ्याकडे एक. चिमण. दीड वर्षाचं पोर आणि वजन सात किलो सहाशे. लाल नाही होणार तर काय होणार?

मॅडम म्हणतात, "सरिताताई, एकच तर आहे. चार-पाचशे ग्रामचा प्रश्न. जरा अ‍ॅडजस्ट करा ना." काय तो गोड आवाज. जसं काही मी त्यांच्या खुर्चीवरची उशी सरकवायची आहे.

मी विचारलं, "मुलाला अ‍ॅडजस्ट करू की काट्याला?" सगळ्या हसल्या. मॅडम नाही हसल्या.

काट्यावर आलं ते मी भरलं. पोर अशक्त आहे म्हणून रंग लाल आहे. रंग बदलला तर पोर जाडं होणार आहे का?

४ डिसेंबर

डोकं अजून तापलेलंच.

हा शब्द शाळेत शिकले तेव्हा साधा होता. सायकलची सीट वरखाली करतात ना, तेवढाच. नंतर बघावं तिकडे तोच. जीपमध्ये तिघांच्या सीटवर पाचवी बाई चढते, ड्रायव्हर न बघताच बोलतो — "जरा अ‍ॅडजस्ट करा." तलासरीत दुकानदाराकडे अंगणवाडीसाठी पाटी मागितली, त्याने फुटकी काढली. "एडजस्ट करी लो ने, बेन." लग्न ठरलं तेव्हा मावशी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, बाईच्या जातीला अ‍ॅडजस्ट करावं लागतं. बरं बाई, केलं. सासूशी केलं, चुलीशी केलं, उमेशच्या घोरण्याशीही केलं.

अंगणवाडीच्या खोलीत रस्त्याच्या ठेकेदाराने सिमेंटच्या गोण्या रचल्या तेव्हा सरपंच काय बोलले? तेच. महिनाभर पोरं माझ्या ओट्यावर बसली. तेव्हाही मी गप्प. खोट्याला हा शब्द चालतो, चोरीला चालतो, दुसऱ्याच्या अंगावर बसायलाही चालतो. आणि कधी कोणी स्वतःला करत नाही. नेहमी समोरच्याने करायचं.

पण वजन? वजन नाही.

९ डिसेंबर, सोमवार

चिमणच्या घरी गेले. कविता, त्याची आई, उजाडायच्या आत जीपने चिकूच्या वाडीवर तोडणीला जाते. बाप रघ्या वरोरला मच्छीच्या बोटीवर खलाशी, पंधरा-वीस दिवसांनी एकदा घरी. चिमण मोठ्या बहिणीच्या कडेवर. ती बहीण सात वर्षांची! तिच्या खालचा एक पाच वर्षांचा. मी चिमणसाठी दिलेली खाऊची पाकिटं तिघांत वाटून संपलेली.

संध्याकाळी परत गेले, कविता आल्यावर. मागच्या महिन्यात तिला सांगितलं होतं — डहाणूला दवाखान्यात बालकांचा वॉर्ड आहे, चौदा दिवस राहायचं, पोराला नीट खाऊ घालतात, आईला पण ठेवून घेतात. गेली नाही. आजही तेच. "जाऊ बाय, जाऊ." मान खाली, भाकरी थापणं चालू.

मग सुटलाच माझ्या तोंडाचा पट्टा. ओट्यावर बायका जमल्या होत्या, त्यांच्यासमोरच बोलले. म्हटलं, "तिकडे मॅडम माझ्या मानेवर बसल्यात, वजन अ‍ॅडजस्ट करा म्हणून. मी तुझ्या पोरासाठी भांडते, आणि तुला चौदा दिवस जड? या महिन्यात वजन वाढलं नाही ना कविता, तर गाडी दारात आणून तुला आणि त्याला उचलून डहाणूला टाकीन. बघच तू."

कविताने तव्यावरची भाकरी उलटली. बोलायला तोंड आहे का तिला? मला राग येतो अशा गप्प बायांचा.

१२ डिसेंबर

उमेश म्हणाला, "भरून टाक ना. कोणाला कळतंय. सगळ्यांशी अ‍ॅडजस्ट करून राहावं माणसाने."

ताट वाढलं.

१७ डिसेंबर, मंगळवार

मॅडमचा फोन. पोरं खिचडी खात होती, त्यांच्या गोंगाटात बाहेर जाऊन ऐकला. वरून विचारणा झाली म्हणे. आमच्या अख्ख्या गटात लाल फक्त माझाच. "म्हणजे काम कोणाचं कमी दिसतं, सरिताताई? तुमचंच ना?"

बघा हं! खरं भरलं तर माझं काम कमी. बाकीच्यांनी काय त्यांच्या पाड्यातली पोरं महिन्यात पैलवान केली? शेजारच्या पाड्यात मी पोलिओच्या दिवशी गेले होते, मला दिसतात ना हातापायाच्या काड्या.

शेवटी म्हणाल्या, तुमच्या जागेवर यायला बारावी झालेल्या मुली तयार बसल्यात. बसू देत. त्यांनाही एकदा काटा हातात घेऊ दे.

पण नोकरी गेली तर उमेशच्या एकट्याच्या कमाईत भागणार नाही, हे मलाही कळतं. कळतं म्हणून काय खोटं लिहू?

२० डिसेंबर

आजपासून चिमणला अंगणवाडीतच अंडं भरवते. माझ्या समोर. बहिणीच्या हातात काही द्यायचं नाही. ती बघत उभी राहते दारात. तिलाही अर्धं दिलं आज, काय करू.

२ जानेवारी, गुरुवार

पिवळा! चिमण पिवळा झाला!

आज वजनाचा दिवस. कविता काम बुडवून स्वतः घेऊन आली त्याला, हेच मोठं. थंडी खूप होती. डोंगराच्या बाजूने वारं नुसतं झोंबत होतं. मी कपडे काढायला लागले तर कविता म्हणाली, "नको काढू बाय, रातभर खोकलाय." रघ्याचा जुना लोकरी स्वेटर कापून शिवलेला, जाडजूड, गुडघ्यापर्यंत. ठीक, राहू दे म्हटलं. काटा आठ किलो तीनशे. स्वेटरचे दोनशे धरून वजा केले. आठ-एक! उचलतानाच मला हाताला भरीव लागला होता. अंडी अंगी लागली पोराला.

अ‍ॅपमध्ये भरलं आणि लाल जाऊन पिवळा आला. मी कविताला मिठीच मारली. ती बिचारी गोंधळून गेली. लगेच पोराला घेऊन निघालीसुद्धा.

ना काट्याला हात लावला, ना आकड्याला. बसा आता बोंबलत.

३ जानेवारी

मॅडमचा फोन सकाळी सकाळी. "छान केलंत सरिताताई. सुरुवातीलाच अ‍ॅडजस्ट केलं असतं तर एवढं ताणलं नसतं."

मी म्हटलं, मॅडम, मी नाही केलं. खरंच वाढलंय.

"हो हो, वाढलंय," म्हणाल्या. आणि हसल्या!

अंगाची लाहीलाही झाली. रोज अंडी सोलली कोणी? चिमणच्या घरी फेऱ्या मारल्या कोणी? आणि ही बाई हसते!

६ जानेवारी, सोमवार

आज जीपमध्ये योगिता भेटली. पलीकडच्या पाड्याची सेविका, माझ्याबरोबरच लागलेली. कानाशी येऊन म्हणते, "शेवटी केलंस ना? बरं केलंस. आम्ही सगळ्या करतो ग. तू उगाच आमच्यात वेगळी पडली होतीस."

ती खूश होती ग. खरोखर खूश, मी त्यांच्यातली झाले म्हणून. मला तिथेच खाली उतरावंसं वाटलं. खोटं बोलले असते तर एवढं लागलं नसतं. खरं बोलून खोटी ठरले, हे सहन होत नाही मला. छाती भरून येते रागाने.

घरी येऊन मॅडमना फोन लावला. म्हटलं, बुधवारी तुमची भेट आहेच माझ्या अंगणवाडीला. तुमचा काटा आणा. चिमणचं वजन पुन्हा करा, सगळ्या पाड्यासमोर. पाचशे ग्राम माझ्या बोटाने वाढलं की अंड्याने, ते बघूनच जा.

"कशाला एवढं," म्हणाल्या.

हवं आहे मला. कविताला निरोप पाठवलाय, बुधवारी कामावर जायचं नाही. "आता कशाला?" विचारत होती म्हणे. मी सांगितलं, ये म्हणजे ये. तुझ्या पोराचं नाव निघणार आहे चांगलं.

८ जानेवारी, बुधवार

मॅडम आल्या. पाडा जमला. चिमण त्याच स्वेटरमध्ये. मीच मोठ्याने म्हटलं, आज स्वेटर काढू या, कोणाला शंका नको. कविता मागे सरली, त्याला घट्ट धरून. मी ओढून काढला आणि जमिनीवर टाकला, तर ठक्कन वाजला. खालच्या दुमडीत शिसं शिवलेलं. जाळ्याला लावतात त्या गोळ्या, रघ्याच्या बोटीवरच्या.

उघड्या पोराचं वजन सात किलो चारशे. महिन्यापूर्वीपेक्षाही कमी.

कविता माझ्याकडे बघून म्हणाली, "तू बोललीस ना बाय, डहाणूला टाकीन. मोठ्या दोघांना कोण बघल? मॅडम सांगते अ‍ॅडजस्ट करा, तू करीत नाहीस. मग मी केला." आवाज अगदी साधा. मी तिला एकदाही विचारलं नव्हतं, मोठी दोघं कुठे राहतील ते.

मॅडम माझ्या कानाशी म्हणाल्या, राहू द्या आठ-एकच. मी सात-चार भरलं.

मोठ्या दोघांना उमेश घरी घेऊन गेला, काही न विचारता. दुपारच्या जीपने आम्ही डहाणूला निघालो. चिमणला मी पदरात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. मांडीवर कोणी आहे असं वाटतच नव्हतं.