जोसीची टकटक

हार्लन्स फेरी, ओहायो
५ ऑक्टोबर २०१८

चि. सेसिलियास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझी नेडीन सुखरूप आहे. ख्यालीखुशाली आधी आणि बातमी नंतर असं शाळेतल्या नन्सनी आपल्याला शिकवलं, पण आज क्रम मोडते.

मंगळवारी तिने स्वतः तुला फोन केला होता. पण तुझे कान मला ठाऊक आहेत. त्यातलं तुला ‘शाळा’ आणि ‘ठीक’ एवढंच पोचलं असणार, म्हणून सविस्तर लिहिते. त्याच दिवशी सकाळी मुलांच्या दुधाच्या सुट्टीनंतर गावातलाच एक पोरगा बापाची बंदूक घेऊन शाळेच्या मागच्या दाराने आत शिरला. त्याचं नाव मी कागदावर आणणार नाही. टीव्हीवाले जपमाळेसारखं घेताहेत, तेवढं पुरे. पाचवीचे मास्तर गेले आणि त्यांच्याच वर्गातली एक मुलगी गेली. शेवटी त्याने स्वतःलाही संपवलं. आपली नेडीन शिकवते तो पहिलीचा वर्ग दुसऱ्या टोकाला. तिच्या एकाही मुलाला ओरखडासुद्धा नाही.

भोंगा ऐकला आणि मी घरातल्या सपाता घालूनच धावले. रस्त्यावर पिवळी पट्टी बांधून पोलिसांनी आईबापांना अलीकडे उभं केलेलं. पलीकडे गाड्यांच्या आडोशाला गावचे पोलीस एकीकडे, जिल्ह्याच्या शेरीफची माणसं दुसरीकडे. हुकूम कोणी द्यायचा, हे ठरेना. आतून आवाज येत होते, सेसिलिया. सगळ्यांना ऐकू येत होते. पट्टीपाशी पोलिसांतला तो ड्वेन होता. रविवारच्या धर्मवर्गात माझ्या हाताखाली होता बघ, चर्चमधली वाइन चोरून प्यायचा तो. मी त्याला म्हटलं, ड्वेन, चोरी करताना तुला कोणाचा हुकूम लागला नव्हता, आत जायला कशाला लागतो? तर मान खाली घालून म्हणाला, बाई, मला उभं राहायला सांगितलंय. मग मीही उभीच राहिले. दुसरं काय केलं? कोर्टात जन्मभर लोकांच्या साक्षी टाइप केल्या. सगळे असेच म्हणायचे, मी तिथे उभा होतो. मला ते तेव्हा खोटं वाटायचं.

नेडीन माझ्याकडेच, वरच्या खोलीत झोपून आहे. सूप पिते, बोलत नाही. तू येण्याचा विचार करू नकोस. नवऱ्याचं, नॉर्बर्टचं डायलिसिस सोडून येशील, तर तोच आधी वर जाईल आणि तिथे माझं नाव सांगेल.

लोभ आहेच. तुझाही तसाच टिकू दे.

तुझी ताई,
बर्निस

---

टूसॉन, अॅरिझोना
११ ऑक्टोबर

प्रिय ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र उभ्यानेच वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं. नॉर्बर्टला मोठ्याने वाचून दाखवलं. शेजारीपाजारी येऊन सांगतात, आम्ही प्रार्थना करतोय हं. मी थँक यू म्हणते. तू असतीस तर काय म्हणाली असतीस, तेही मला ऐकू येतं, बहिरी असले तरी.

ताई, नेडीन फोनवर ‘मी ठीक आहे’ म्हणाली ना, ते मला नीट ऐकू आलं. आठ वर्षांची असताना झाडावरून पडून हात मोडला होता, तेव्हाही अशीच म्हणाली होती, आणि मोडका हात पाठीमागे धरून जेवायला बसली होती. तेव्हा तिने डाव्या हाताने चमचा धरला म्हणून मला कळलं. आता ती काय पाठीमागे धरून बसली आहे? तू जवळ आहेस. बघ. पण खणून काढू नकोस. तुझी ती कोर्टातली सवय.

तिच्यासाठी मोजे पाठवते आहे. ओहायोत थंडी पडली असेल. दुसरं काय पाठवू, सुचत नाही.

माया असू दे.

तुझी धाकटी,
सेसिलिया

---

हार्लन्स फेरी
१७ ऑक्टोबर

चि. सेसिलियास,

आशीर्वाद. मोजे पोचले. नेडीन ते घालूनच झोपते.

तू म्हणालीस ते खरं निघालं. मी खणलं नाही, ते आपोआप वर आलं. काल क्रिस्टल टॅकेट आली होती. तिची जोसी नेडीनच्या वर्गात आहे. पुढचे दोन दात पडलेली, बोलभांड पोर. काचेचं मोठं भांडं भरून चीज घालून भाजलेल्या नूडल्स घेऊन आली. आपल्याकडे कोणी मेलं तरी नूडल्स, कोणी वाचलं तरी नूडल्स. दारातच नेडीनचे हात धरून म्हणाली, तुम्ही सगळ्यांना वाचवलंत. माझी तेवढी बाहेर राहिली, पण देवाने तिला कोटांमागे लपायची बुद्धी दिली. नेडीन पांढरीफटक. क्रिस्टल गेल्यावर ती स्वयंपाकघरात जमिनीवरच बसली आणि म्हणाली, मावशी, ती लपली नव्हती आधी. आधी ती दारात आली होती.

ऐक आता. त्यांच्या वर्गाचं दार वर्षभर कुलूपबंदच असतं. पाणी प्यायला गेलेलं मूल परत आलं की दोनदा टकटक करतं, थांबतं आणि मग एकदा. बाईंनी आणि मुलांनी मिळून ठरवलेली गंमत. त्या दिवशी जोसी पाण्याला गेली होती, तेवढ्यात दारं लावून लपायची घोषणा झाली. नेडीनने बाहेर डोकावलं, कोणी दिसलं नाही, म्हणून दार ओढलं, दिवा घालवला, मुलांना कोपऱ्यात दाबून बसवलं. नियम असा की एकदा दार लागलं की कोणासाठीही उघडायचं नाही. पोलीस म्हणाला तरी नाही, ओळखीचा आवाज आला तरी नाही. बंदूकवाला एखाद्या मुलालाच पुढे करून दार उघडायला लावेल, म्हणून. पोलिसांकडे किल्ली असते, ते येतील तेव्हा येतील.

आणि मग दाराच्या खालच्या बाजूला टकटक झाली. दोनदा, थांबून एकदा. मग हळूच आवाज, बाई, मी आहे.

नेडीनने उघडलं नाही. तिच्या अंगाला वर्गातली बाकीची सगळी पोरं चिकटलेली. त्यांनीही ऐकलं. एकही हललं नाही. शिकवल्याप्रमाणे.

जोसी बाहेरच्या खुंट्यांवरच्या कोटांमागे जाऊन उभी राहिली. सगळं निवल्यावर ड्वेनने तिला उचलून आणलं. तो बंदूकवाला पोरगा ज्या जिन्याने गेला, तो त्या खुंट्यांपासून फार लांब नाही.

हे तुला, मला आणि नेडीनला ठाऊक आहे. क्रिस्टलला नाही. नेडीन म्हणते, तिला सांगणार. मी म्हटलं, जिभेला गाठ मार. पोर जिवंत आहे. तू नियम पाळलास. खरं बोलून कोणाचं भलं झालं, ते मी कोर्टात पुष्कळ पाहिलं आहे. भांडं धुऊन ठेवलं आहे. तळाला पट्टी चिकटवून क्रिस्टलने नाव लिहिलंय. परत द्यायला जायचं, म्हणजे तिच्या तोंडाकडे बघायचं. म्हणून ते ओट्यावरच आहे.

काळजी करू नकोस, असं लिहिणार होते. पण तू करणारच. कर.

बर्निस

---

टूसॉन
२३ ऑक्टोबर

प्रिय ताईस,

सा. न. वि. वि. तुझ्याशी भांडायला कागद घेतला होता. तीनदा टाकून दिला.

मी क्रिस्टल असते, तर मला कळायलाच हवं होतं. माझं लेकरू दारात उभं होतं आणि आतल्या बाईला ते माहीत होतं, ही गोष्ट माझ्यापासून लपवण्याचा हक्क कोणालाही नाही. आणि मी नेडीनची आई आहे, तर जगात कोणाला कधीही कळू नये. माझ्या मनातल्या या दोघी आया काल जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. एकीनेही घास घेतला नाही.

नॉर्बर्ट तसा बोलत नाही, पण मशीनला जोडलेला असताना म्हणाला, मुलीने सांगावं. न सांगता ती त्या वर्गात उभी राहू शकणार नाही. मी म्हटलं, आणि सांगून? तर म्हणे, ते मला माहीत नाही.

ताई, तू नेहमी म्हणतेस की नन्सनी आपल्याला अणुबाँबसाठी बाकाखाली लपायला शिकवलं आणि वर एक जपमाळ म्हणायला लावली. पण तो बाँब आला नाही गं. आणि सिस्टर अल्फोन्सा बाकाखाली शिरताना अडकली, म्हणून आपण हसलो होतो. बाहेर कोण राहिलं, हे कोणाला ठरवावं लागलं नव्हतं.

तिला दामटू नकोस. मला येता येत नाही, तर निदान तू तिच्यापुढे जीभ आवर.

प्रेम राहू दे, रागावलीस तरी.

सेसिलिया

---

हार्लन्स फेरी
४ नोव्हेंबर

चि. सेसिलियास,

आशीर्वाद. रागावले होते. ओसरलं. सध्या राग पुरवून वापरावा लागतो. गावात गिऱ्हाइकं फार.

शाळा सुरू झाली. सुधारणा ऐक. प्रत्येक मुलाला पारदर्शक दप्तर, म्हणजे डब्यात काय आहे ते सगळ्या गावाने बघावं. दाराशी एक बंदूकवाला रखवालदार. आणि प्रत्येक वर्गात झाकणाची एक बादली, आत मांजरांसाठी मिळते ती वाळू. का, तर संकटकाळी मुलांनी त्यातच उरकावं, बाहेर जायला नको. मी शिक्षण मंडळाच्या सभेत उभी राहिले आणि विचारलं की उंदीर कोण पकडणार, तेही ठरवलंय का? अध्यक्षबाई म्हणाल्या, बर्निस, आम्ही सगळेच दुःखात आहोत. हे वाक्य त्या पाण्याच्या बिलाच्या सभेतही वापरतात.

आता पुढचं ऐक, आणि बसून ऐक. दारांना नवी कुलपं हवीत. पैसे नाहीत. म्हणून अग्निशमन दलाच्या स्वयंसेवकांची दरवर्षीची सोडत यंदा शाळेसाठी. पहिलं बक्षीस काय? शिकारीची रायफल! दुसरं बक्षीसही रायफलच, जरा धाकटी. मी तिकिटं विकणाऱ्या म्हाताऱ्या एल्डनला म्हटलं, अरे, डोकं ठिकाणावर आहे का? तो खरोखरच गोंधळला. म्हणाला, बाई, तिकिटं ऑगस्टमध्येच छापली होती. आणि बक्षिसात डुकराचं हॅम ठेवलं तर कोण घेणार तिकीट? त्याची नात पाचवीत आहे, सेसिलिया. गेलेल्या मुलीच्या बाकाला लागून बसायची. तो वाईट माणूस नाही. मला शिवीसुद्धा नीट देता आली नाही. रांग चर्चच्या कोपऱ्यापर्यंत होती.

सोडत झाली त्याच सभागृहात नेडीनला मानपत्र दिलं, नियम तंतोतंत पाळल्याबद्दल. टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेत जोसी क्रिस्टलच्या मांडीवर बसून टाळ्या वाजवत होती. नेडीनने मानपत्र घरी आणून पलंगाखाली सरकवलं.

जोसी वर्गात येते, हसते, गणितं चुकवते. त्या दिवसाबद्दल चकार शब्द नाही. पाण्याला मात्र जात नाही. दिवसभर तहानलेली राहते. नेडीन तिच्यासाठी घरून बाटली भरून नेते. दोनदा भांडं घेऊन क्रिस्टलच्या दारापर्यंत गेली आणि घंटा न वाजवता परत आली. मी जीभ आवरली आहे. तुला विश्वास बसणार नाही, पण आवरली आहे.

लोभ कमी करू नकोस. इथे आधीच टंचाई आहे.

बर्निस

---

हार्लन्स फेरी
१८ नोव्हेंबर

चि. सेसिलियास,

आशीर्वाद. हे पत्र नेडीन लिहिणार होती. तिने कागद माझ्याकडे सरकवला.

गुरुवारी शाळेत लपण्याची कवायत झाली, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. दिवा बंद, मुलं कोपऱ्यात. ड्वेन प्रत्येक दाराची मूठ हलवून बघत होता, कुलूप लागलं की नाही ते. त्याला तसं सांगितलेलं असतं. आणि मुलं फसतात का बघायला तो दारावर ठोकून म्हणायचा, उघडा, मी पोलीस आहे. नेडीनच्या दारावर ठोकलं, तेव्हा तिने दाराकडे बघितलं. जोसी तिला टेकून बसली होती. तिने नेडीनची बाही ओढली आणि कानात सांगितलं, बाई, उघडू नका हं. तुम्ही माझ्यासाठीसुद्धा नव्हतं उघडलं. अगदी समजूत घालायच्या सुरात. आपण लहान भावंडाला सांगतो ना, तसं.

कवायत संपली की गप्प बसलेल्या प्रत्येक मुलाला चिकटवायची एक सोनेरी चांदणी मिळते. जोसीने आपली चांदणी काढली आणि बाईंच्या हाताच्या पाठीवर चिकटवली. म्हणाली, तुम्ही तेव्हाही चांगलं केलं होतंत, पण तेव्हा चांदण्या वाटायच्या राहिल्या.

नेडीन घरी आली ती भांडं उचलून तशीच क्रिस्टलकडे गेली. या वेळी घंटा वाजवली. उंबऱ्यातच सगळं सांगितलं. क्रिस्टल म्हणाली, मला माहीत आहे. जोसीने पहिल्याच संध्याकाळी गाडीत सांगितलं होतं, बाईंनी अजिबात उघडलं नाही म्हणून, कौतुकाने. नूडल्स मी त्यासाठीच आणल्या होत्या. तुमचं तोंड बघायचं होतं. बघितलं, आणि मग जे बोलायचं ठरवून आले होते ते बोलवेना. तुम्ही बरोबरच केलंत, सगळे तसंच म्हणतात. मीही म्हणते.

मग भांडं छातीशी धरून तिने एकच विचारलं. ती बाहेर रडत होती का?

नेडीन म्हणाली, नाही. फक्त म्हणाली, बाई, मी आहे.

क्रिस्टलने मान हलवली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. हळूच लावलं. नेडीन पायरीवर उभी होती, तोवर आतून कडी लागल्याचा आवाज आला.

घरी येऊन तिने मला विचारलं, मावशी, आता मी काय करू? माझ्याकडे या गावातल्या प्रत्येक माणसासाठी एक टोमणा तयार असतो, तुला ठाऊक आहे. पोलिसांसाठी, मंडळासाठी, एल्डनसाठी, मुलाच्या उशाशी बंदूक ठेवणाऱ्या त्या बापासाठी. तिच्यासाठी एक शब्द सापडला नाही. तिचे मोजे वाळत घातले आणि सूप गरम केलं.

उद्या सोमवार. ती जाणार म्हणते. जोसीची पाण्याची बाटली भरून ओट्यावर ठेवली आहे.

ती चांदणी अजून नेडीनच्या हातावर आहे. कडा सुटायला लागल्या आहेत. ती तो हात पाण्यात घालत नाही. सध्या भांडी मीच घासते आहे.

तुझी ताई,
बर्निस