अखिल भारतीय मूकबधिर क्रीडा महासंघ, उधना, सुरत

३ जानेवारी १९९६
महासंघ स्थापन. संस्थापक-अध्यक्ष मी. लेटरहेड छापून आले. धाकटा भाऊ लोटू जन्मापासून बहिरा. मी सुपरवायझर आहे त्याच कारखान्यात लूमवर असतो. दोनशे मीटर असा पळतो की बघत राहावं. पण बहिऱ्यांच्या जागतिक स्पर्धेत उतरायचं तर देशाची संघटना आंतरराष्ट्रीय समितीची सभासद पाहिजे. बहिऱ्यांच्या वतीने बोलणार कोण? संकल्प: मार्चपर्यंत सभासदत्व.

११ जानेवारी, सकाळी
अर्ज रवाना. इंग्रजी माझं स्वतःचं. सुरुवात 'वुई द डेफ ऑफ इंडिया'. लोटूला दाखवला. समोर उभा राहून हातांनी बराच वेळ काहीतरी सांगत होता. आनंद झाला असणार. ती हातांची भाषा शिकायची आहे, सवड मिळत नाही. वत्सला शिकली. घरी बसून बायकोला वेळच वेळ.

२ मार्च
उत्तर आलं! अट विचित्र. संघटना चालवणारे स्वतः बधिर हवेत. परदेशी लोकांना आपली परिस्थिती काय कळणार? मार्ग निघेल.

४ मार्च
निघाला. अध्यक्ष लोटू, सरचिटणीस मी. सही त्याची, डोकं माझं. कागद पुढे ठेवला. त्याने वाचल्यासारखं केलं, पेन खाली ठेवलं आणि ड्यूटीवर गेला. कृतघ्न. लहानपणी त्याला चिडवणाऱ्या पोरांवर दगड कोणी उचलला होता?

१९ मार्च
सुचलं! अठरा वर्षं लूमच्या खडखडाटात काढली. माझे कान शाबूत असणं शक्यच नाही. बधिर मीच! उद्या तपासणी.

२० मार्च
डॉक्टर म्हणाले, "कान तो फर्स्ट क्लास छे, भाई." मशीन जुनं वाटलं. वत्सलाला सांगितलं, तर म्हणे, "तुमले समदं ऐकू येस. तुम्ही ऐकतस नही, इतलंच." वाद घातला नाही.

६ एप्रिल
समितीचं दुसरं पत्र. एका देशातून एकच संघटना घेतात. भारतातल्या बधिरांनीच चालवलेल्या एका संघटनेचा अर्ज आधीच मंजूर. सोबत त्यांच्या कार्यकारिणीची यादी. सातवं नाव लोटूचं. पत्ता आमच्याच घराचा.
वत्सलाला डिसेंबरपासून माहीत होतं. म्हणाली, "त्यानी तुमले दोनदा सांगं. समोर उभा राहीसन."
जेवलो नाही. कोणी आग्रहही केला नाही.

२१ एप्रिल, रविवार
सुरतेतच, पर्वत पाटिया भागात लोटूच्या संघटनेची सभा. मन मोठं करून मार्गदर्शनाला गेलो. तीस-पस्तीस जण, सगळ्यांचे हात चालू. आवाज फक्त पंख्याचा. मध्येच सगळे एकदम हसायचे. कशाला, कळेना. तासभर बसलो. मग उभा राहून भाषण सुरू केलं. दोन-तीन जणांनी पाहिलं, परत आपल्या बोलण्याला लागले.
लोटू उठून आला. मला खाली बसवलं. खिशातून कागद काढून लिहिलं, "दादा, तू घरी जा. आम्हाला वेळ लागेल."
अक्षर मोत्यासारखं. कधी शिकला, कोणी शिकवलं, विचारायचं होतं. कागदाकडे बोट केलं, हात हलवला.
त्याला वाटलं, मी निरोप घेतोय. त्यानेही हात हलवला.