खुंटीवरच्या कोटाशी लढाई

ती. ताईस,

नमस्कार. अक्षर वाकडं आलंय म्हणून घाबरू नकोस, दोन बोटं जरा सुजली आहेत, एवढंच. आईचा गुडघा कसा आहे? मी वेळेवर जेवतो, असं तिला सांग.

मी ज्या जुन्या ग्रंथावरून ढाल-तलवार शिकतोय, त्यातल्या प्रत्येक चित्रात दोन माणसं आहेत. मी मागे लिहिलं होतं, "आम्ही दोघे सराव करतो." ते वाचून आई निर्धास्त झाली. ताई, ते खोटं होतं. सहा महिने मी खुंटीवरच्या कोटाशी लढतोय.

काल धपधप ऐकून शेजारचे सुतार डोकावले. मी त्यांना दुसरी लाकडी तलवार दिली. त्यांचा पहिलाच वार माझ्या बोटांवर बसला. तलवारीचा हात ढालीने झाकायचा, हा ग्रंथातला पहिला धडा. पण कोट कधी उलट वार करत नाही, त्यामुळे माझी ढाल केव्हाच खाली आली होती.

"अहो, ढाल काय कमरेला टांगायला घेतलीय?" ते म्हणाले. मला हसू आवरेना. या खोलीत मी मोठ्याने हसलो, असं आधी कधी झालं, ते आठवत नाही.

रविवारी पुन्हा येतो म्हणालेत. ते आले, तर आईला सगळं खरं मीच लिहीन. तोवर तू काही बोलू नकोस.

कोट खुंटीवरून काढलाय. कपाटात मात्र अजून ठेवलेला नाही.

तुझा,
धाकटा