दमास्कसची जागा

सर, तुमचा तो नकाशाचा पुठ्ठा अजून माझ्याकडे आहे. अमेरिकेला निघताना आईने बॅगेत पापड, कुरडया, गोडा मसाला असं काय काय कोंबलं. वजन जास्त भरलं म्हणून मी दोन स्वेटर बाहेर काढले, पण तो पुठ्ठा काढला नाही. मिशिगनच्या थंडीला निघालेली मुलगी स्वेटर ठेवून जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा नेते हे बघून आई म्हणाली, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? आता इथे मिशिगनमधल्या नोव्हाय गावात येऊन सतरा वर्षं झाली. गाड्यांच्या सीटबेल्टचं टेस्टिंग करते. तुम्ही गेल्याचं भावाने फोनवर सांगितलं तेव्हा मी लॅबमध्येच होते. अरेरे म्हटलं, फोन ठेवला आणि पुढची टेस्ट लावली. रडूसुद्धा आलं नाही, याचा मला अजून राग येतो.

तुमच्याकडे असे वीस-पंचवीस पुठ्ठे होते. नकाशाच्या रेघेवर कर्कटकाने टोचून टोचून भोकं पाडलेली. पुठ्ठा फळ्यावर धरायचा, खडूच्या भुकटीने भरलेलं डस्टर त्यावर हलकेच आपटत जायचं. पुठ्ठा बाजूला केला की फळ्यावर रांगोळीच्या छापासारखे ठिपके, आणि ते जोडले की अख्खा अरबस्तान. अजून दिसतं मला. नववीचा वर्ग, तुमच्या शर्टाच्या बाहीवर पांढरी भुकटी, आणि तुम्ही इस्लामच्या उदयाचा धडा शिकवताय. मक्केतून उंटांचे तांडे निघताहेत, एक पोरका मुलगा काकांच्या घरी वाढतोय, मोठा होऊन व्यापार करतोय, स्वतःच्याच गावाला नकोसा होऊन मदिनेला जातोय. तुम्ही मुसलमान, वर्गात बहुतेक आम्ही हिंदू, आणि तुमचं मराठी आमच्या मराठीच्या बाईंपेक्षा चोख. कौतुकाचा एक शब्द तुम्ही जास्तीचा घातला नाहीत. पैगंबरांनंतर पुढारी कोण यावरून आपसात कशी जुंपली तेही सांगितलंत, आणि म्हणालात, "पहिल्या चार खलिफांपैकी तिघांचा खून झाला. हेही लिहा वहीत. आवडतं तेवढंच लिहायला ही काय आठवणींची वही आहे?" शंभर वर्षांत स्पेनपासून सिंधपर्यंत पसरलेलं ते राज्य जिंकलं घोडेस्वारांनी, पण चालवलं जिथल्या तिथल्या जुन्या कारकुनांनी, बरीच वर्षं त्यांच्याच भाषेत, हे सांगताना मात्र तुम्ही हसला होतात. तुमचे वडील तहसील कचेरीत कारकून होते ना.

मग चाचणी झाली आणि मी दमास्कस नेऊन इजिप्तमध्ये ठेवलं. बगदाद तर समुद्रात बुडवलं. नकाशे आपल्याला येतातच या तोऱ्यात मी पुस्तक उघडलंच नव्हतं. दहापैकी दोन. तुम्ही माझा कागद सगळ्यांसमोर वर धरलात आणि म्हणालात, "पोरी, राजधानी अशी उचलून नेता येत नाही. निदान तिथल्या लोकांना तरी विचारायचंस." वर्ग खो खो हसला. मला ते फार झोंबलं. घरी बाबांनी मार्क विचारले आणि मी तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, सर त्यांच्याच धर्माचं गुणगान करत बसतात, दुसरं काही शिकवतच नाहीत, मग कसे पडणार मार्क? धादांत खोटं होतं ते. बाबा खरं तर मवाळ माणूस, पोस्टाच्या खिडकीत बसून लोकांची पत्रं लिहून देणारा. पण दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोघांना घेऊन ते हेडमास्तरांकडे गेले. मी अडवायला हवं होतं. अडवलं नाही. उलट आपल्या एका शब्दावर तीन मोठी माणसं निघाली, याची मला ऐट वाटली. ती ऐट मी विसरलेले नाही, सर.

तुम्हाला कुणी काढलं नाही, तुमची बदलीही झाली नाही. धडा अर्धा राहिला होता, बगदाद यायचं होतं. तुम्ही पुस्तक माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, तू वाच. मी वाचत गेले आणि तुम्ही खिडकीपाशी उभे राहिलात. भारतातले आकडे, वैद्यकाचे ग्रंथ बगदादला गेले, तिथे त्यांची भाषांतरं झाली, हा भाग आला तेव्हा तुम्ही वळलात. मला वाटलं, आता बोलणार. तुम्ही घड्याळ बघितलंत आणि पुन्हा बाहेर बघायला लागलात. पुढे माझा भाऊ नववीत आला तेव्हाही तो धडा मुलंच वाचत होती.

दहावीचा निकाल लागल्यावर मी पेढे घेऊन तुमच्या घरी आले होते. काकूंनी बसवून पोहे खायला घातले. तुम्ही आतून तो अरबस्तानचा पुठ्ठा आणलात. "हा आता मला लागत नाही," म्हणालात. "तुला नकाशांची आवड आहे, ठेव." घरी येऊन उजेडात धरला तर बाकीच्या शहरांची भोकं बारीक, आणि दमास्कसचं तेवढं पेन्सिल आरपार जाईल एवढं मोठं केलेलं. ती माझी थट्टा होती, की तुम्हाला सगळं माहीत होतं? हेडमास्तरांनी बाबांचं नाव तुम्हाला सांगितलंच असणार. परत येऊन मला विचारता आलं असतं, माफी मागता आली असती. कॉलेजच्या सुट्ट्यांत तुमच्या गल्लीवरून जायची वेळ आली की मी लांबच्या रस्त्याने जायचे.

आता इथलं सांगते. माझी लेक नववीत आहे आणि तिला सध्या हाच धडा चालू आहे. शिकवणाऱ्या बाई तरुण आहेत, डोक्याला स्कार्फ बांधतात. मागच्या शनिवारी इथली माझी मूळची नागपूरची मैत्रीण आली, तिचा मुलगाही त्याच वर्गात आहे. माझ्या बाळंतपणात महिनाभर डबा पुरवलेली बाई ती, तिच्याबद्दल वाकडा शब्द मी ऐकून घेणार नाही. तिने शाळेला पाठवायचं पत्र आणलं होतं. या बाई इस्लामवर आठवडेच्या आठवडे घालवतात, भारत दोन दिवसांत गुंडाळतात, मुलांच्या मनावर परिणाम होतो, वगैरे. "यार, फक्त एक सही. तू केलीस की बाकीचे पटापट करतील," ती म्हणाली. बोलता बोलता कळलं की तिच्या मुलाला नकाशाच्या क्विझमध्ये सी मिळालाय. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं झालं. आणि तरीही, सर, मी म्हणाले, ठेवून जा, करते.

ती गेल्यावर लेक डायनिंग टेबलवर नकाशाचाच होमवर्क घेऊन बसली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, काय शिकवतात गं तुझ्या बाई? ती मान वर न करता म्हणाली, "शी सेड, पहिल्या चार कॅलिफ्सपैकी तिघांना मारलं. शी मेड अस राइट इट डाउन." मी खुर्ची ओढून बसलेच. मग उठून कपाटातून तुमचा पुठ्ठा काढला. घरात खडू कुठला, पायमोज्यात तांदळाचं पीठ भरलं आणि काळ्या कागदावर पुठ्ठा धरून आपटत गेले. "आई, वी कॅन जस्ट प्रिंट इट," असं तिचं चाललं होतं. पुठ्ठा उचलला तशी ती कागदावर वाकली. मोठ्या ठिपक्याजवळ बोट नेऊन म्हणाली, हे एवढं बिग का? म्हटलं, दमास्कस आहे, थांब जरा, आलेच.

आत जाऊन मैत्रिणीला फोन केला आणि सही करणार नाही म्हणून सांगितलं. ती मग म्हणाली, कारण तरी सांग. मी म्हटलं, माझ्या मुलीला त्या बाई आवडतात. खरं कारण सांगितलं नाही. चार दिवस झाले, तिचा फोन नाही. मला तिच्याशिवाय करमत नाही, पण ते बघू. पत्र शाळेत गेलं की नाही तेही मला माहीत नाही.

लेकीला मात्र तुमचं सगळं सांगितलं. डस्टर, दहापैकी दोन, खिडकी, पोहे. फक्त घरी जाऊन खोटं सांगितलं ते आमच्या वर्गातल्या एका मुलीने, असं म्हटलं. "शी वॉज सो मीन," लेक म्हणाली. होती खरी, मी म्हटलं. कागदावरचं सांडलेलं पीठ फुंकत तिने विचारलं, "डिड शी एव्हर से सॉरी?"

"म्हणाली ना," मी म्हटलं. "पत्र लिहिलं तिने सरांना."

तिचं समाधान झालं आणि ती ठिपके जोडायला लागली. असं पत्र कधी नव्हतं, सर, तुम्हाला माहीतच आहे. म्हणून आज लंच ब्रेकमध्ये गाडीत बसून हे लिहिलं. माझं चुकलं. बाबांना मी खोटं सांगितलं होतं. हा कागद त्या पुठ्ठ्याखाली ठेवणार आहे. ती मुलगी कोण, ते लेकीला सांगायचं अजून राहिलंय.