रबराचा कण

प्रिय ताई,

मंगळवार, १२ मार्च २०२४, दुपारचे चार वाजून वीस मिनिटं. मी आपल्या दुरुस्तीच्या शेडमध्ये ठेकेदाराच्या मिनी एक्स्कॅव्हेटरसमोर उलट्या डब्यावर बसलोय. हात दोनदा साबणाने धुतलेत, तरी कागदाला डाग पडला तर सांभाळून घे. बूमचा लांब हात वर आहे, बकेटमध्ये माती भरली आहे, इंजिन बंद आहे. सिलिंडरच्या रॉडवर खडूने रेघ मारून पंचवीस मिनिटं झाली. रेघ तसूभरही हललेली नाही.

बाबांचा गुडघा बरा आहे, तोंड नेहमीसारखंच चालू आहे. मी प्रत्येक नटाला दोनदा पाना लावतो म्हणून हल्ली मला शंकासूर म्हणतात. आई म्हणते, तू त्या स्पेअरपार्टच्या दुकानात दिवसभर काउंटरमागे उभी असतेस आणि गिऱ्हाइकाने चुकीचं सील मागितलं तरी त्याला बरोबरच देतेस. ऐकून हसलो, पण हसू टिकलं नाही.

हेच मशीन गं, जानेवारीतलं. रॉडवरून तेल ओघळत होतं. तू सिलिंडर उघडून सगळी सीलं बदललीस, मी फुटका होज पाइप काढून नवा कापून बसवला. चौथ्या दिवशी ठेकेदार तणतणत आला, की उभ्या मशीनचा बूम आपोआप खाली बसतोय, दहा मिनिटांत दोन बोटं. वर म्हणाला, बाईमाणसाला असली कामं देताच कशाला? बाबांनी त्याला अडवलं नाही. मी म्हणालो, सील उलटं बसलंय. तू पाना पुसून पेटीत ठेवलास आणि दुसऱ्या दिवसापासून आली नाहीस. ठेकेदाराचं काम अडलं होतं, त्याने मशीन तसंच नेलं आणि दोन महिने रेटलं. काल परत आणलं तेव्हा बूम चार बोटं बसत होता.

मी नवं सील किट आणूनच ठेवलं होतं. पण सिलिंडर उघडण्याआधी तू शिकवलेली परीक्षा करावीशी वाटली. बूम पूर्ण वर नेऊन टेका दिला, दाब सोडला, रॉडच्या बाजूचा पाइप काढून त्याला बूच मारलं आणि तिथलं सिलिंडरचं तोंड उघडं ठेवलं. मग बाबांनी इंजिन चालू करून लीव्हर वरच्या बाजूला धरला. सील फाटकं किंवा उलटं असतं, तर तोंडातून तेल वाहत राहिलं असतं. मी खाली पांढरा डबा ठेवून बाजूला उभा राहिलो. सात थेंब पडले, मग काही नाही. बाबा म्हणाले, "पोरीने बसवलंय, घामसुद्धा येत नाही बघ." आणि तोंड फिरवलं.

म्हणजे दोष व्हॉल्व्हमध्ये. बूमच्या लाइनचा छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला, तर बसायच्या जागी तिळाएवढा काळा रबराचा कण अडकलेला. त्यामुळे तो नीट मिटत नव्हता आणि तेल निसटत होतं. कण काढला, नवी ओ-रिंग घालून व्हॉल्व्ह बसवला. तो कण होजच्या रबराचा आहे. जानेवारीत मी पाइप कापला आणि आतून हवा न मारताच बसवला.

त्या दिवशी तू ठेकेदाराशी वाद घातला नाहीस. मला एवढंच विचारलंस, "तू डोळ्यांनी पाहिलंस?" मी हो म्हणालो. ताई, मी पाहिलं नव्हतं. तू सिलिंडर बंद केल्यावर मी शेडमध्ये आलो होतो. ठेकेदाराची नजर माझ्या पाइपाकडे जाईल म्हणून घाबरलो आणि तुला पुढे केलं. हे मघाशी बाबांना सांगितलं. त्यांनी तो कण बोटावर घेऊन पाहिला. मग म्हणाले, आधी तिला लिही, मग माझ्यासमोर ये. उद्या नऊला ठेकेदार येईल, त्याच्या हातावर तो कण ठेवून हेच सांगणार आहे. तू परत ये असं लिहायचं माझं तोंड नाही.

आजचा खर्च: तेल सातशे, ओ-रिंग चाळीस. सील किट न उघडता परत केलं. जानेवारीत बाबांनी तुझ्या पगारातून कापून ठेकेदाराला परत दिले ते चोवीसशे, माझ्याकडे देणं. पैकी नऊशे यासोबत. उरलेले पंधराशे, महिना पाचशे, जूनपर्यंत.

तुझाच,
धाकटा