थेट मिक्सरमध्ये

४ जानेवारी, रविवार

निर्णय झाला. यापुढे गिटार थेट मिक्सरमध्ये.

अॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणारा खोका, चोवीस किलोचा. काल हॉलचा जिना चढताना सतराव्या पायरीवर कमरेत काहीतरी कट्‌ झालं. अॅम्प सोडला नाही. तिथंच बसलो, तो मांडीवर. आमचे ड्रमवाले डॉक्टर मागून येत होते. ते दातांचे डॉक्टर आहेत. कमरेतलं आपल्याला काही कळत नाही, असं म्हणून वळसा घालून वर गेले.

जुनी पद्धत: अॅम्प स्टेजवर गरजणार, त्याच्या तोंडाशी माइक, माइकची वायर मिक्सरला, म्हणजे सगळ्यांचे आवाज जुळवणाऱ्या यंत्राला. नवी पद्धत: अॅम्पच्या पाठीतून एक केबल निघाली की सरळ मिक्सरला. माइक नको, स्टेजवर गोंगाट नको. लोकांना ऐकू येईल ते फक्त हॉलच्या स्पीकरमधून. कल्पना माझीच. साउंडवाल्या बाई तीन वर्षं हेच सांगताहेत, पण त्यांची कारणं वेगळी.

बायकोला सांगितलं, आता मी मिक्सरला जोडून वाजवणार. ती म्हणाली, स्वयंपाकघरातल्या मिक्सरला हात लावायचा नाही. समजावून सांगितलं. मग तिनं विचारलं, म्हणजे तो अॅम्प आता न्यावा लागणार नाही ना?

न्यावा लागणार. आवाज त्यातच तयार होतो.

कंबर हा विषय दुसऱ्या टप्प्यात घेऊ.

७ जानेवारी

ऑफिसात जोडणीचा आराखडा काढला. नकाशा खात्यात ड्राफ्ट्समन असल्याचा हा एक फायदा. चार रंग, ट्रेसिंग पेपर, एकास वीस स्केल. मी मध्यभागी. साहेबांनी वाकून पाहिलं आणि विचारलं, हे धरण कुठलं?

दुपारी ताईचा फोन. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, आमच्या बँडमध्ये गाते. बँड म्हणजे ताई, मी, डॉक्टर, आणि बेस गिटारवर शाळेतले गणिताचे सर. अकरा वर्षं झाली. महिनाभर ताईचा आवाज बसलाय. घशाच्या डॉक्टरांनी स्वरयंत्राला सूज सांगितली. ओरडून गायचं नाही, नाहीतर कायमचं जाईल.

तिनं विचारलं, "तू जरा कमी ठेवशील का?"

म्हटलं, अॅम्प एका पातळीच्या खाली बोलतच नाही, शास्त्र आहे ते. बरं म्हणाली. तिला श्वासाचे व्यायाम सुचवले.

११ जानेवारी, रविवार

तालीम. डॉक्टरांच्या दवाखान्याची वेटिंग रूम रविवारी रिकामी असते, तिथं. भिंतीवर अक्कलदाढेचा तक्ता, कोपऱ्यात माशांची टाकी. मी सुरू केलं की मासे एका बाजूला जातात.

आराखडा सगळ्यांना वाटला. सरांनी स्केल तपासलं, बरोबर निघालं. मग मी केबल अॅम्पच्या मागं खोचली. साउंडवाल्या बाई उठल्या, माझं मनगट धरलं. म्हणाल्या, ते भोक स्पीकरला जाणारं आहे, त्यातून मिक्सरला जोडलं असतंत तर आज मिक्सर जळाला असता. मला माहीत होतं. बाईंचं लक्ष आहे का, ते बघत होतो.

योग्य भोकात जोडलं. वाजवलं.

बिस्किटाच्या डब्यात माशी अडकल्यासारखा आवाज. वीस वर्षांची साधना आणि माशी. बाईंनी सांगितलं, स्पीकरचा कागद आणि लाकूड आवाजाचे काटे घासून मऊ करतात, थेट केबलमध्ये काटे तसेच येतात. मध्ये एक छोटी पेटी लावावी लागेल, स्पीकरची नक्कल करणारी. म्हटलं, माझा आवाज नकली पेटीतून जाणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१३ जानेवारी

पेटी घेतली.

१६ जानेवारी

पेटीत चौसष्ट स्पीकरांच्या नकला आहेत. तीन संध्याकाळी फक्त सतरा आणि अठरा नंबरमध्ये गेल्या. सतरामध्ये एक खिन्नता आहे. अठरा जास्त मोकळा, पण उथळ. बायकोला बोलावलं. आधी सतरा वाजवून दाखवला, मग अठरा. ती म्हणाली, दुसरा बरा आहे. नंतर बघतो तर बटण दाबलंच गेलं नव्हतं, दोन्ही वेळा सतराच. तिच्या कानाला सवय नाही, त्याला ती तरी काय करणार.

१८ जानेवारी, रविवार

तालीम. ताई खुर्चीत बसून, ओठ हलवत, आवाज न काढता. विश्रांती चालू आहे. सतरा नंबरवर सगळे थक्क. सर म्हणाले, फरक कळला नाही. गणितातल्या माणसाची हीच अडचण.

निघताना ताईनं सगळ्यांना सांगितलं की बावीस फेब्रुवारीला वाचनालयाच्या पन्नाशीचा कार्यक्रम आहे, तो करते आणि मग थांबते. डॉक्टरांनी चष्मा पुसला. बाईंनी गुंडाळलेली केबल उलगडली आणि परत गुंडाळली.

मी वातावरण हलकं केलं. म्हटलं, कलाकार असं म्हणतच असतात. ताई हसली. तिला बरं वाटलं.

३० जानेवारी, शुक्रवार. दुपारी चार

थेट मिक्सरचा पहिला कार्यक्रम. आमच्याच ऑफिसात, साहेबांच्या निवृत्तीनिमित्त. सविस्तर लिहून ठेवतो, पुढं उपयोगी पडेल.

ताईच्या घशाचा विचार करून आपण होऊन अॅम्पचं मुख्य बटण शून्यावर आणलं. माझ्यासारख्या माणसाला हे सोपं नाही. आवाज मागच्या केबलनं मिक्सरला जातोच आहे, मग स्टेजवर कशाला? ताईनं पहिलं गाणं सुरू केलं. आवाजात एक विलक्षण तलमपणा जाणवला. इतका की फक्त तारांचा खटखटाट ऐकू येत होता. दुसऱ्या गाण्यात तो तलमपणा वाढला. समोर टंकलेखन विभाग अगदी तल्लीन.

दुसरं गाणं संपताना बाई स्टेजवर आल्या. दोन बोटांनी मुख्य बटण फिरवलं. ते शून्यावर असलं की मागच्या केबलमधूनही काही जात नाही म्हणे. स्टेजवरचा स्पीकर बंद करायला पाठीमागं वेगळं बटण आहे, तेही त्यांनीच दाबलं. अॅम्पच्या पुस्तिकेत दिलंय म्हणाल्या. वीस वर्षं ज्याच्याबरोबर काढली, त्याची पुस्तिका कोण वाचतं?

थोडक्यात, दोन गाणी गिटार नव्हती. हे कोणाच्या लक्षात आलं नाही, यावरून बाकीच्यांनी ते कसं सांभाळून घेतलं असेल याची कल्पना येते.

शेवटी साहेब भेटले. म्हणाले, पहिली दोन गाणी फार सुंदर झाली. म्हणजे सुरुवात दमदार झाली. नोंद केली.

१ फेब्रुवारी, रविवार

बाईंशी स्पष्ट बोललो. थेट जोडणीत एक मूलभूत दोष आहे: मला मी ऐकू येत नाही. अॅम्प मागं गप्प, हॉलचे स्पीकर समोरच्या लोकांकडं तोंड करून. कलाकारानं अंदाजानं वाजवायचं का?

बाईंकडं उपाय होता. कानात घालायचे इयरफोन, घट्ट बसणारे. मिक्सरवरून माझ्या कानात जे हवं ते, हवं तेवढं पाठवता येतं. हॉलमध्ये काय जातं ते वेगळं, माझ्या कानात काय येतं ते वेगळं. मी अंगठा वर केला की त्या माझी गिटार वाढवणार.

म्हटलं, हे आधी का नाही सांगितलं? म्हणाल्या, सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही वाजवत होतात.

८ फेब्रुवारी, रविवार

कानात लावून तालीम. स्वर्ग. इतकी वर्षं मी स्वतःला या ड्रमच्या धबडग्यात शोधत होतो. सोळा वेळा अंगठा वर केला.

ताई हळू आवाजात गायली. घसा सुधारतोय म्हणे, गेले दोन आठवडे रात्री दुखला नाही. माझ्या श्वासाच्या व्यायामांचा परिणाम. विचारलं, करतेस ना? ती म्हणाली, कुठले?

२२ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ

आयुष्यातला सर्वोत्तम दिवस.

सकाळी अकराचा कार्यक्रम. वाचनालयाच्या मोठ्या दालनात, पुस्तकांची कपाटं भिंतीला सरकवून. दोनशे खुर्च्या भरलेल्या, मागं उभी माणसं. ताईचे जुने विद्यार्थी, शेजारी, घशाचे डॉक्टरही. ताईनं निळी साडी नेसली होती. तिचा शेवटचा कार्यक्रम म्हणून मी ठरवलं होतं, तिला साजेशी साथ द्यायची.

पहिल्या तीन गाण्यांत बारा अंगठे. शेवटी कानात मी आणि फक्त मी. बाकी सगळं लांब कुठंतरी, भिंतीपलीकडं असल्यासारखं. पाचव्या गाण्याच्या शेवटी माझा तुकडा होता, आठ ओळींचा. डोळे मिटले आणि सुरू केला. आठ ओळी झाल्या तरी आत अजून होतं. सुरूच ठेवलं. डॉक्टर थांबले, ते जाणवलं. सरही थांबले. न सांगता त्यांनी मला जागा करून दिली. अशी समज अकरा वर्षांनीच येते. चार मिनिटं तरी वाजवलं असेल. शेवटचा सूर लांबवला, विझू दिला, डोळे उघडले.

सगळं दालन उभं. टाळ्या. पुढच्या रांगेतल्या एक आजी रडत होत्या. बायको उभी होती, तिचेही डोळे ओले. एकवीस वर्षांच्या संसारात माझ्या वाजवण्यावर ती पहिल्यांदा रडली.

वाकून नमस्कार केला. दोनदा.

२४ फेब्रुवारी

वाचनालयानं व्हिडिओ काढलाय, आवाज थेट मिक्सरमधून घेतलेला. म्हणजे हॉलमध्ये जे ऐकू आलं तेच, जसंच्या तसं. रविवारी मिळणार. तो चार मिनिटांचा तुकडा वेगळा कापून ठेवावा म्हणतो. नाव सुचत नाहीये.

१ मार्च, रविवार. सकाळी दहा

व्हिडिओ आला. बायको म्हणाली, चहा होऊ दे, मग बघू. राहवलं नाही मला. लावला.

दुपारी एक

लिहून काढतो.

पाचवं गाणं. माझा तुकडा, आठ ओळी, व्यवस्थित. गाणं संपतं. डॉक्टर काठ्या खाली ठेवतात. सर बेसचा पट्टा सैल करतात. लोक टाळ्या वाजवतात. मी वाजवतोच आहे, डोळे मिटून. ताई माझ्याकडं बघते, मग बाईंकडं. बाई मिक्सरवर एक बोट खाली आणतात. हॉलमधला माझा आवाज बंद होतो.

मग ताई पुढचं गाणं सुरू करते. ते तिनं साथीशिवाय गायचं ठरवलं होतं. मला सांगितलंही होतं, असं बायको म्हणते. आई दुपारी भांडी पुसताना गुणगुणायची ते. ताई ते जोरात गातच नाही. शेजारी बसलेल्याशी बोलावं तसं गाते, आणि दोनशे माणसांना शब्दन्‌ शब्द ऐकू येतो. दोन ठिकाणी आवाज किंचित चिरतो, ती ते लपवत नाही. तिच्यामागं चार फुटांवर मी. पाठ वाकवलेली, तोंड वेडंवाकडं, बोटं भरधाव. अजिबात आवाज नाही.

गाणं संपतं. लोक उभे राहतात. मी डोळे उघडतो आणि वाकतो. ताई वळून बघते आणि माझ्यासाठी एक पाऊल बाजूला सरकते.

दुसरा नमस्कार मी पुढं येऊन केला होता. लक्षात नव्हतं.

१ मार्च, दुपारी तीन

बायकोला विचारलं, तू कशानं रडलीस? ती म्हणाली, ताईंमुळं. मग म्हणाली, आणि तुम्ही वाकलात तेव्हा थोडी हसून.

व्हिडिओ परत बघितला. मी कसा दिसतो ते बघायला. तिसऱ्यांदा डोळे मिटून ऐकला. ताई इतकं हळू गाते हे मला माहीतच नव्हतं. अकरा वर्षं तिच्या बाजूला उभा आहे.

२ मार्च

ताईकडं गेलो. सविस्तर तांत्रिक खुलासा तयार होता: इयरफोनची घट्ट बसण्याची क्षमता, वगैरे. तिनं दार उघडलं, म्हणाली, घशाच्या डॉक्टरांनी काल तपासलं, सूज उतरली. असं गायचं असेल तर गा म्हणाले.

विचारलं, म्हणजे थांबत नाहीस?

"नाही थांबत."

खुलासा केला नाही. थोड्या वेळानं विचारलं, आणि मी?

ती म्हणाली, "ये की. आता तुला जागा कुठं फार लागते?"

चहा घेऊन आलो. दोन कप झाले.

८ मार्च, रविवार

तालीम. बाईंनी इयरफोन दिले आणि विचारलं, गिटार किती ठेवू? म्हटलं, ताईचा आवाज द्या. किती? म्हटलं, सगळा. आणि तुमची गिटार? म्हटलं, ती काय, हाताला कळते.

बाईंनी माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. मग बटणं फिरवली.

पहिलंच गाणं. ताईनं सुरू केलं आणि मी एक ओळ उशिरा आलो. परत घेतलं. परत उशिरा आलो. सरांनी हिशोब करून सांगितलं, सव्वा ओळ. ताईनं विचारलं, लक्ष कुठं होतं?

केबल लूज होती म्हणालो.